निवेदनावर मी सही का केली नाही?





गेल्या महिन्यात पालक सभा आटोपल्यावर पाच-सहा पालक माझ्या खोलीत थांबले. त्यांच्याजवळ कलेक्टर साहेबांना द्यायचे एक निवेदन होते. शहरातील हॉटेले, पब आणि फार्म हाउसवर रात्री वाजणारे डीजे व इतर संगीत पूर्ण बंद करावे, कारण त्यामुळेच तरुण पिढी नशेच्या आहारी जात आहे, असा त्याचा आशय होता. चाळीसेक सह्या झाल्या होत्या. सगळ्यात वर एक जागा मोकळी ठेवली होती, ती माझ्यासाठी. मी निवेदन दोनदा वाचले आणि सही न करता परत दिले.

काही पालकांना ते लागले. एक आजोबा, जे स्वतः आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, मला म्हणाले, "सर, तुम्हाला मुलांची काळजी नाही का?" या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. म्हणून पत्रिकेच्या संपादक मंडळाकडून ही पाने मागून घेतली. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मी घरात शिकलो, वर्गात नाही. तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

निवेदनात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. रात्री अकरा-बारापर्यंत भिंती हादरवणारा डीजे हा त्रासच आहे. दहावीचा मुलगा अभ्यास करू शकत नाही, आजारी माणूस झोपू शकत नाही, तान्हे बाळ दचकून उठते. यासाठी कायदा आहे आणि तो पुरेसा कडक आहे. आपल्या राज्यात कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ पासून आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि रहिवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली याबाबत सविस्तर निकाल दिला. हे नियम पाळले जावेत असे निवेदन असते, तर मी पहिली सही केली असती. आजही करीन.

परंतु निवेदनात आवाजाचे कारण नव्हतेच. कारण होते नशेचे. आवाज आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत गोव्याला जातात. तेथे रात्री दहानंतर उघड्यावर मोठ्याने संगीत वाजवण्यास मनाई आहे. त्यावर दक्षिण गोव्यातील पाळोळे किनाऱ्यावर एक युक्ती निघाली. येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला हेडफोन देतात. शेकडो माणसे रात्रभर नाचतात आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला फक्त समुद्राची गाज ऐकू येते. नियम पाळला गेला, गावाला झोप मिळाली, हे चांगलेच झाले. पण नाचणाऱ्याच्या खिशात काय आहे, हे त्या नियमाने कळत नाही. ते त्या नियमाचे कामही नव्हे.

संगीतावरच बंधन घालून नशा थांबवण्याचा प्रयत्न इंग्लंडने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९८८ च्या सुमारास तेथील तरुण ओस पडलेल्या गोदामांत आणि शेतांत रात्रभर यंत्रसंगीतावर नाचू लागले. त्याबरोबर 'एक्स्टसी' नावाच्या गोळ्या पसरल्या. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन या गावाच्या माळावर वीस हजारांहून अधिक लोक जमले आणि जवळजवळ आठवडाभर राहिले. देशभर गदारोळ झाला. १९९४ साली तेथील संसदेने कायदा केला. उघड्यावर शंभर किंवा अधिक लोक जमवून रात्री मोठ्याने संगीत वाजवले आणि त्याचा आसपासच्या रहिवाशांना गंभीर त्रास होण्यासारखा असला, तर पोलिसांना ते उधळून लावण्याचा अधिकार मिळाला. पुढे २००३ मध्ये शंभरचा आकडा वीसवर आणला. या कायद्यात संगीताची व्याख्या करताना, एकापाठोपाठ एक तेच ते ठोके असलेले आवाजही त्यात येतात, असे लिहिले आहे. तबला शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हसू येईल, कारण ठेका म्हणजे दुसरे काय असते!

परिणाम काय झाला? माळावरचे मोठे मेळावे कमी झाले, हे खरे. शेतकऱ्यांना व गावकऱ्यांना दिलासा मिळाला, हेही खरे. पण गोळी माळावर राहिली नाही. ती परवान्याच्या क्लबांत गेली आणि घराघरांतही गेली. कायदा होऊन एक वर्ष झाले होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये एसेक्स परगण्यातील एका मुलीने अठराव्या वाढदिवसाला अशी गोळी घेतली आणि त्यानंतर प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्यामुळे ती गेली. ती कोठे होती? स्वतःच्या घरी, घरच्या पार्टीत. ती बातमी तेथील प्रत्येक घरात पोहोचली. आणि इतके होऊनही २०१० नंतरच्या दशकात त्या गोळीने होणाऱ्या मृत्यूंची संख्या १९९० च्या दशकापेक्षा अधिक झाली.

अमेरिकेतही असेच घडले. तेथे २००२ साली अशा नाच-पार्ट्यांविरुद्ध एक विधेयक आले. आयोजक महाग दराने पाणी विकतात, थकलेल्यांना बसायला थंड खोली ठेवतात, या गोष्टी त्यात नशेच्या खुणा म्हणून मांडल्या होत्या. २००३ मध्ये जो कायदा झाला त्यात ही वाक्ये राहिली नाहीत, पण जागेच्या मालकावरील जबाबदारी वाढली. तेव्हापासून पाणी, विसावा आणि वैद्यकीय मदत उघडपणे ठेवली तर आपणच अडकू, अशी भीती अनेक आयोजक बोलून दाखवत आले आहेत. एखादे मूल घेरी येऊन पडले, तर त्याला पाणी देणाराच घाबरावा, हे कोणाला हवे होते?

आपल्या घरातही एक उदाहरण आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली सुरू केला. तेथे रात्र-रात्र गाणे चाले, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. रात्री दहाचा नियम आल्यावर ती पद्धत बंद पडली. नियम सर्वांना सारखा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्रभर चालणारे संगीत म्हणजे नशा, असे म्हणताना आपण आपल्याच वाडवडिलांच्या रात्री विसरतो. आपल्या इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. रात्रभर ढोल-ताशे वाजतात, आखाडे खेळतात, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन ओट्यावर बसतात. त्या गर्दीत कोणी पिऊन आला तर त्याला बाजूला काढतात. झांक्या बंद करा असे कोणी म्हणत नाही.

आणि नशा आपल्या मालव्यात डीजेबरोबर आली, असे तर मुळीच नाही. विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात अफूच्या व्यापाराचा धडा तुम्ही वाचला असेल. त्यातील 'मालवा अफू' म्हणजे याच काळ्या मातीतली. एकोणिसाव्या शतकात ती येथून मुंबईला आणि तेथून जहाजाने चीनला जात असे. पाहुण्याला कसुंबा, म्हणजे पाण्यात घोळलेली अफू, देण्याची रीत या भागात आणि राजस्थानात होती. मंदसौर, नीमच आणि रतलाम जिल्ह्यांत आजही सरकारी परवान्याने औषधांसाठी अफूची शेती होते. लाउडस्पीकरचा शोध लागण्यापूर्वीपासून नशा येथे आहे.

हल्लीचे पाहू. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शहरात तेव्हाच्या बीआरटीएस मार्गावर दुकाने व खाण्याची ठिकाणे चोवीस तास उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली. रात्री नशेत होणारी भांडणे आणि गुन्हे यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जुलै २०२४ मध्ये ती परवानगी काढून घेतली. रस्त्यावरची हाणामारी थांबवायला तो निर्णय योग्य असेल. मी त्यावर टीका करत नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात भोपाळजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडवर छापा पडला आणि सुमारे ९०० किलो 'एमडी' हा अमली पदार्थ व त्याचे साहित्य सापडले. किंमत अठराशे कोटींच्या घरात सांगितली गेली. तेथे ना डीजे होता ना रंगीत दिवे. साधी पत्र्याची शेड होती. माल जेथे तयार होतो आणि ज्याच्या हातून विकला जातो, तेथे हात घालणे कठीण असते. लाउडस्पीकरची वायर काढणे सोपे असते. आपल्याकडे म्हण आहे, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. तिला कितीही औषध चोपडले, तरी रेडा बरा होत नाही.

इथपर्यंत सगळे वाचनातले लिहिले. आता जे लिहायचे आहे ते जड जाते आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि नववीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. घरची परिस्थिती बेताची, अक्षर मोत्यासारखे, गुरुवारच्या भजनाला तबल्यावर तोच बसे. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेत आला आणि दाराशीच उभा राहिला. त्याच्या हातात एक रुमाल होता. त्याला व्हाइटनरबरोबर मिळणाऱ्या थिनरचा उग्र वास येत होता. तो म्हणाला, "सर, सुटत नाहीये." एवढेच.

मी काय करायला हवे होते, हे आज मला कळते. तेव्हा मी त्याला घेऊन सरळ कार्यालयात गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावले. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला होता. इतर मुलांना धडा मिळेल, शाळेचे नाव राहील, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले. धडा मुलांना मिळालाच. त्यानंतर माझ्याकडे काही सांगायला एकही मूल आले नाही.

२०१९ साली एका लग्नात तो मला भेटला. मधली सात-आठ वर्षे वाईट गेली होती. थिनरवरून गोष्ट पुढच्या नशांपर्यंत गेली. मग एका नातेवाइकाने त्याला उपचाराला नेले. आता तो एका दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. त्याने वाकून नमस्कार केला, रागाने काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "सर, मी तुम्हाला सांगितलं नसतं तर दहावी तरी झालो असतो."

तो मुलगा कोणत्याही पबमध्ये गेला नव्हता. त्याचे संगीत म्हणजे गुरुवारचे भजन. नशा त्याला दप्तरातल्या कंपास पेटीत सापडली. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले नशेचे देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मोठ्या माणसांपेक्षा मुलांचे प्रमाण जास्त आहे. आपण रात्रीच्या डीजेवर निवेदन देत असताना आपल्या मुलांच्या हातात दुपारी काय आहे, याचा विचार केला का?

निवेदनावर सही न करण्याचे खरे कारण हे आहे. सही केली असती तर आम्हा सगळ्यांना वाटले असते की आपण काहीतरी केले. मलाही त्या रात्री शांत झोप लागली असती. दाखला देऊन झाल्यावर लागली होती तशीच.

याचा अर्थ कायदा नको असा नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच दोन कलमे आहेत, ती प्रत्येक पालकाने माहीत करून घ्यावीत. कलम २५ नुसार आपल्या जागेत अमली पदार्थांचा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकाला शिक्षा होते. एखाद्या हॉटेलात असा माल विकला जात असेल, तर त्या हॉटेलाविरुद्ध तक्रार करा. मी आपल्याबरोबर पोलीस ठाण्यात येईन. दुसरे कलम ६४-क. सेवन केल्याबद्दल किंवा थोडा माल सापडल्याबद्दल आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल आणि ते पूर्ण करील, तर तिला त्या आरोपाबद्दल खटल्यातून सूट मिळते. एवढा कडक म्हणवला जाणारा कायदाही परत येणाऱ्यासाठी एक दार उघडे ठेवतो. आपल्या शाळेच्या नियमावलीत मात्र आजही 'नशा करताना आढळल्यास तत्काळ दाखला' हे एकच वाक्य आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. पुढील बैठकीत तीन गोष्टींवर निर्णय व्हावा.

पहिली, जे मूल स्वतः येऊन सांगेल, किंवा ज्याचे पालक येऊन सांगतील, त्याला दाखला दिला जाणार नाही. त्याचे नाव गुप्त राहील आणि उपचार चालू असताना त्याची जागा शाळेत राहील. विकणारा, किंवा दुसऱ्याला बळजबरी करणारा, याची गोष्ट वेगळी. तेथे कायदा आपले काम करील.

दुसरी, आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक शाळेत असावेत. खर्चाचा अंदाज मी स्वतंत्र कागदावर देतो आहे. गरज पडल्यास या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा मांडव लहान करू.

तिसरी, स्नेहसंमेलन रात्री साडेनऊला संपावे आणि आवाज मर्यादेत असावा. शेजारी म्हातारी माणसे राहतात म्हणून, आणि आपल्या मुलांचे कान आपल्याला हवे आहेत म्हणून. मुलांना नाचायचे असेल तर त्यांनी खुशाल नाचावे.

काही विश्वस्त म्हणतील, एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. मीही तेव्हा हेच म्हणालो होतो. पण आंबा उचलून टाकला की आपले काम संपते. मूल उचलून टाकले तरी ते याच शहरात असते, आपल्याच मुलांच्या गल्लीत असते, आणि आता त्याच्यावर कोणाचे लक्ष नसते. शाळेचे नाव जाईल ही भीती मला समजते. पण जी शाळा मुलाला परत आणते, तिच्याकडेच उद्या पालक विश्वासाने येतील, असे मला वाटते.

पालकांना एक सांगणे. रात्री मूल उशिरा आले तर "कुठे होतास?" हे जरूर विचारा, पण त्याने खरे सांगितले तर त्या दिवशी त्याच्यावर ओरडू नका. राग दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. तो क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. मित्र अडचणीत असेल तर ते लपवणे म्हणजे मैत्री नव्हे. आणि कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर पळून जाऊ नका, १०८ ला फोन करा आणि त्याच्याजवळ थांबा. तुम्ही तेथे का होतात, हे मी नंतरही विचारणार नाही.

रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत मी एकटाच बसलेला असतो. दार उघडे असते.

आपला,
प्राचार्य